काला अंब : आंतरराष्ट्रीय पाठ्यक्रम आणि मराठीचा शिक्षक

आंतरराष्ट्रीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शालेय पाठ्यक्रमांत प्रशिक्षित झालेल्या शिक्षकांची मागणी आपल्याकडे गेल्या काही दशकांत सतत वाढत आली आहे. या घटनेची चर्चा बहुधा शुल्क, वेतन आणि परदेशी प्रवेश यांच्या अनुषंगाने होते. भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. हा विषय आपला नव्हे, अशी त्यांची समजूत दिसते. ती समजूत बरोबर नाही, असे मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या पाठ्यक्रमांत भारतीय भाषेचा आणि तिच्या साहित्याचा शिक्षक कसा घडतो, की घडतच नाही, हा प्रश्न मुळात साहित्याभ्यासाचा आहे. त्याचे उत्तर केवळ तत्त्वचर्चेने मिळणार नाही. म्हणून लेखाच्या उत्तरार्धात एका नमुना-पाठाची आखणी दिली आहे. पाठाचा विषय दिल्लीपासून सुमारे नव्वद किलोमीटरवरचे, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणारे आणि तरीही मराठी मनाच्या अगदी जवळचे एक स्थळ आहे : पानिपतचा काला अंब.

१. मागणीचे स्वरूप

इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झाली. भारतात तिचा पदविका पाठ्यक्रम प्रथम कोडाईकनाल येथील आंतरराष्ट्रीय शाळेने १९७६ मध्ये स्वीकारला. केंब्रिजच्या आय.जी.सी.एस.ई. परीक्षा १९८८ पासून सुरू झाल्या. प्रारंभी या शाळांत परदेशी अधिकाऱ्यांची आणि वारंवार बदली होणाऱ्या कुटुंबांची मुले शिकत. पुढे मुंबई, पुणे, बंगळूर, गुरुग्राम या शहरांतील भारतीय मध्यमवर्गानेही या पाठ्यक्रमांचा स्वीकार केला. आय.बी.ची मान्यता मिळवू पाहणाऱ्या शाळेला आपले शिक्षक त्या संस्थेने मान्य केलेल्या प्रशिक्षणास पाठवावे लागतात. यामुळे शाळांच्या संख्येबरोबर प्रशिक्षित शिक्षकांची निकड वाढणे क्रमप्राप्तच आहे.

ही निकड खाजगी शाळांपुरती राहिली नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने आंतरराष्ट्रीय दर्जाचे स्वतंत्र शिक्षण मंडळ स्थापन केले आणि २०१८ मध्ये पहिल्या टप्प्यात जिल्हा परिषदेच्या तेरा शाळा त्याच्या कक्षेत आणल्या. पुणे जिल्ह्यातील वाबळेवाडीची शाळा त्यांपैकी एक होती. गावातल्या मुलांना, गावातल्याच शाळेत, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांकडून असे शिक्षण द्यावे ही त्यामागील कल्पना होती. राज्यातील सत्ताबदलानंतर ते मंडळ गुंडाळण्यात आले. दिल्ली शासनानेही आपल्या नव्या शिक्षण मंडळासाठी २०२१ मध्ये आय.बी.शी करार केला होता. या प्रयोगांच्या यशापयशाची चिकित्सा हा येथील विषय नाही. शासकीय शाळेच्या शिक्षकालाही या अध्यापनपद्धतीची गरज भासू लागली होती, एवढेच त्यांवरून दिसते.

२. प्रशिक्षणात मराठी कोठे आहे?

या पाठ्यक्रमांत मराठीच्या शिक्षकाचे स्थान पाहिले तर दोन अगदी भिन्न चित्रे समोर येतात.

पहिले चित्र सक्तीच्या मराठीचे आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या अधिनियमाने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत, आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळाही धरून, मराठीचे अध्यापन बंधनकारक झाले. २०२०-२१ पासून पहिली आणि सहावी या इयत्तांपासून त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी सुरू झाली. उल्लंघनास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पुढे २०२३ मध्ये अन्य मंडळांच्या शाळांना काही तुकड्यांपुरती गुणांऐवजी श्रेणी देण्याची सवलत मिळाली. कायद्यामुळे मराठीच्या शिक्षकाला या शाळांची दारे उघडली, हे खरे. तथापि तो आत जातो तो बहुधा ‘नियम पाळण्यासाठी नेमलेला शिक्षक’ म्हणून. इंग्रजीचा किंवा इतिहासाचा शिक्षक ज्या कार्यशाळांना जातो, तेथे त्याला पाठवण्याची निकड शाळेला वाटत नाही. मुळाक्षरे, शब्दसंग्रह आणि चार वाक्यांचा संवाद यांपलीकडे त्याचा तास जाऊ नये, अशीच सर्वांची अपेक्षा असते.

दुसरे चित्र साहित्य म्हणून शिकवल्या जाणाऱ्या भाषेचे आहे. आय.बी.च्या पदविका पाठ्यक्रमात विद्यार्थ्याने आपल्या सर्वोत्तम भाषेतील साहित्याचा अभ्यास करावा, असे मूळ तत्त्व आहे. नियमित यादीत नसलेल्या भाषेसाठीही, त्या भाषेत पुरेसे लिखित साहित्य असल्यास, शाळेला विशेष मागणी करता येते. शिक्षक उपलब्ध नसल्यास शाळेच्या देखरेखीखाली स्वयं-अध्ययनाची सोयही ठेवलेली आहे. म्हणजे दार बंद नाही. उणीव आहे ती त्या दारातून विद्यार्थ्याला नेणाऱ्या मार्गदर्शकाची.

ही उणीव अपरिहार्य नाही, याची साक्ष मॉरिशस देते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांच्या वंशजांनी तेथे मराठी टिकवली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेने (स्थापना १९७०) मराठीचे अध्यापन आणि शिक्षकांचे प्रशिक्षण हाती घेतले, आणि केंब्रिजच्या शालान्त व उच्च स्तरांवरील परीक्षांत मराठी हा विषय बसला. कोट्यवधी भाषकांच्या महाराष्ट्रात जे दुर्मीळ आहे ते एका लहानशा बेटावर घडले. तेथे शिक्षक घडवणारी संस्था आधी उभी राहिली, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

३. पद्धतीचा प्रश्न

आपल्याकडील बी.एड. महाविद्यालयांत मराठीच्या छात्राध्यापकाला हर्बार्टची पंचपदी, पाठटाचण, सूक्ष्म अध्यापन आणि आशययुक्त अध्यापन शिकवले जाते. या शिस्तीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु तिचा शेवट पुष्कळदा ठरावीक प्रश्नांत होतो : संदर्भासह स्पष्टीकरण, कवितेचे रसग्रहण, लेखकाचा परिचय. उत्तर शिक्षकापाशी किंवा मार्गदर्शकात तयार असते, आणि विद्यार्थी ते मिळवतो.

आय.बी.च्या २०१९ पासून लागू झालेल्या साहित्य-पाठ्यक्रमाची मागणी वेगळी आहे. त्यात वाचक, लेखक व संहिता, काळ व अवकाश, आणि आंतरसंहितात्मकता अशी अन्वेषणाची तीन क्षेत्रे आहेत. सामान्य स्तरावर नऊ आणि उच्च स्तरावर तेरा साहित्यकृती वाचाव्या लागतात, आणि त्यांत अनुवादित कृती असणे आवश्यक असते. एका प्रश्नपत्रिकेत पूर्वी न वाचलेल्या उताऱ्याचे विश्लेषण करावयाचे असते, दुसरीत दोन कृतींची तुलना. वैयक्तिक मौखिक परीक्षेत विद्यार्थी दहा मिनिटे बोलतो आणि पाच मिनिटे प्रश्नांना उत्तरे देतो. मूळ भाषेतील एक आणि अनुवादातील एक अशा दोन कृतींतून एखादा जागतिक महत्त्वाचा प्रश्न कसा मांडला गेला, हे त्याला दाखवावे लागते. येथे मार्गदर्शक पुस्तक कामास येत नाही.

प्रशिक्षण-कार्यशाळांतून ही पद्धती समजावली जाते ती बव्हंशी इंग्रजीतून आणि इंग्रजी संहितांच्या उदाहरणांनी. मराठीच्या शिक्षकाने ती ऐकावी आणि आपल्या बखरीला, अभंगाला, फटक्याला कशी लावायची हे स्वतःच शोधावे, अशी स्थिती आहे. खरी अडचण नेमकी या ठिकाणी आहे. प्रमाणपत्राने पद्धती मिळते, पण तिला लागणारी संहिता-सामग्री मिळत नाही. ती सामग्री सिद्ध करणे हे विद्यापीठीय मराठी विभागांचे काम आहे. पुढील पाठ हा त्या कामाचा एक नमुना समजावा.

४. नमुना-पाठ : काला अंब

(इयत्ता अकरावी, पाच तास)

पहिला तास : नाव. पानिपत शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर विटांचा एक स्मारकस्तंभ आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे आणि अहमदशाह अब्दाली यांच्यात झालेल्या संग्रामाचे ते स्थळ, असे परंपरा सांगते. तेथे एक आम्रवृक्ष होता आणि रक्तामांसाच्या चिखलाने तो काळवंडला, अशी आख्यायिका आहे. त्या झाडाच्या लाकडाची म्हणून सांगितली जाणारी दारे पानिपतच्या संग्रहालयात दाखवली जातात.

पाठाचा आरंभ युद्धाने करू नये, नावाने करावा. ‘काला अंब’ हे शब्द मराठी नाहीत. मराठी माणूस ‘काळा आंबा’ म्हणेल. संस्कृत ‘आम्र’ या शब्दाचे प्राकृत रूप ‘अंब’. पंजाबीत ते तसेच राहिले आणि मराठीत त्याचा ‘आंबा’ झाला. हरियाणवी बोलीत ‘ळ’ आहे. म्हणजे तेथील शेतकऱ्याच्या उच्चारात ‘काळा’ असू शकतो, आणि हिंदी लेखनाने त्याचा ‘काला’ केला असेल. विद्यार्थ्यांना प्रश्न द्यावा : मराठी इतिहासातील सर्वांत मोठ्या शोकाची खूण दुसऱ्या भाषेच्या शब्दाने का जपली गेली? लढणारे निघून गेले, मेले किंवा विखुरले. जागा आणि तिचे नाव सांगणारे तेथेच राहिले. हे उत्तर विद्यार्थ्यांकडून यावे.

दुसरा तास : साक्ष. एकाच घटनेच्या तीन प्रकारच्या साक्षी समोर ठेवाव्यात. पहिली, वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याच्या १८९८ च्या पहिल्या खंडात छापलेली समकालीन पत्रे. दुसरी, कृष्णाजी शामरावाच्या नावावर असलेली ‘भाऊसाहेबांची बखर’. तिसरी, काशीराजाचा वृत्तान्त. काशीराज हा दक्षिणी ब्राह्मण, अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी होता. म्हणजे संग्रामाच्या दिवशी तो अब्दालीच्या बाजूच्या छावणीत होता. त्याने हा वृत्तान्त पुढे, १७८० च्या सुमारास, फारसीत लिहिला. जेम्स ब्राउन याने १७९१ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला, आणि मराठी वाचकांपर्यंत तो ‘काशीराजाची बखर’ या नावाने आला.

या एका संहितेत तुलनात्मक साहित्याचे किती प्रश्न सामावले आहेत पाहा. दक्षिणी माणसाने, शत्रुपक्षाच्या गोटातून, दरबारी भाषेत लिहिलेली हकीकत इंग्रजीमार्गे वाचकांत पसरते. अनुवादित कृती वाचण्याची जी अट मराठीच्या शिक्षकाला परकी वाटते, ती आपल्या इतिहासलेखनाने केव्हाच पूर्ण केली आहे. विद्यार्थ्यांनी प्रत्येक साक्षीला तीन प्रश्न विचारावेत : लिहिणारा कोठे उभा होता? केव्हा लिहीत होता? कोणासाठी लिहीत होता? मृतांच्या संख्येबाबत साधनांत मोठा फरक आढळतो. शिक्षकाने त्यांपैकी एक आकडा ‘बरोबर’ म्हणून सांगू नये. फरक का पडतो, हाच पाठाचा विषय होय.

तिसरा तास : भाषा. पराभवाने मराठी भाषेत काय ठेवले? ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार आज निवडणुकीपासून क्रिकेटपर्यंत कोठेही वापरला जातो. ‘विश्वास पानिपतात गेला’ या म्हणण्यात पेशव्यांचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा विश्वासराव आणि ‘भरवसा’ हा सामान्य अर्थ असा श्लेष आहे. ‘संक्रांत येणे’ या जुन्या वाक्प्रचारालाही संग्रामाच्या तिथीमुळे या विषयात वेगळी गडद छटा येते. पराभवाची वार्ता सावकारी सांकेतिक भाषेत, मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या रूपकांनी दक्षिणेत पोहोचली, ही कथा सर्वश्रुत आहे. हिशेबाच्या वहीतील शब्द शोकाचे वाहन कसे होतात, याचे विश्लेषण हा न वाचलेल्या उताऱ्याच्या परीक्षेसाठी उत्तम सराव ठरेल.

याच तासाला गोविंदाग्रजांचा ‘पानपतचा फटका’ घ्यावा. फटका हा प्रकार अनंत फंदी यांच्या नावाशी जोडलेला आहे. तो मुळात लोकांना चार कानपिचक्या देणारा, उपदेशपर रचनाबंध. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कवीला युद्धवर्णनासाठी वीररसाचा पोवाडा न निवडता फटका का निवडावासा वाटला? या प्रश्नापाशी रचनाबंध आणि आशय यांचा संबंध विद्यार्थ्याला स्वतः सापडतो.

चौथा तास : पुनर्लेखन. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) ही कादंबरी आणि त्र्यं. शं. शेजवलकर यांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ (इंग्रजी १९४६, मराठी १९६१) यांतील एकाच प्रसंगाचे उतारे शेजारी ठेवावेत. इतिहासकाराला जेथे पुराव्याअभावी थांबावे लागते तेथून कादंबरीकार पुढे जातो. त्या पुढे जाण्याचे नियम कोणते? सदाशिवरावभाऊंच्या अंताविषयी जी संदिग्धता राहिली, तिच्यातून तोतयाचे प्रकरण घडले आणि पुढे न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक आले. इतिहासातील रिकामी जागा वाङ्मयाने कशी भरली, याचे याहून बोलके उदाहरण सहसा मिळणार नाही.

पाचवा तास : दुसऱ्याचे पानिपत. मराठी वाचकाला पानिपत म्हणजे एक दिवस. उर्दू वाचकाला ते एका कवीचे गाव आहे. अल्ताफ हुसेन हाली यांचा जन्म १८३७ मध्ये पानिपतला झाला. १८७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मुसद्दस’ या दीर्घकाव्यात आपल्या समाजाच्या उत्कर्षाचा आणि ऱ्हासाचा विचार आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांचे जन्मगावही हेच. १९४७ मध्ये येथील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे पाकिस्तानात गेली आणि पश्चिम पंजाबातील निर्वासित येथे वसले. हरियाणातील रोड समाज आपला संबंध पानिपतावर मागे राहिलेल्या मराठ्यांशी जोडतो, आणि दरवर्षी १४ जानेवारीस काला अंब येथे लोक श्रद्धांजलीसाठी जमतात.

मौखिक परीक्षेसाठी विद्यार्थ्याने गोविंदाग्रजांचा फटका आणि हालींच्या काव्याचा अनुवादित अंश यांची जोडी घ्यावी. प्रश्न असा : पराभवानंतर समाज स्वतःशी काय बोलतो? एकाच गावाच्या नावाभोवती दोन भाषांत दोन पराभव-चिंतने उभी आहेत. दोन्हींत शोकाबरोबर आत्मपरीक्षण आहे. ती परस्परांसमोर ठेवली की ‘जागतिक प्रश्न’ हा शब्द पोकळ राहत नाही.

५. काही आक्षेप

या आखणीवर तीन आक्षेप संभवतात.

पहिला असा की, ज्या स्मृतीने एका समाजाला घडवले तिला अशा चिकित्सेच्या टेबलावर ठेवणे म्हणजे तिची धार बोथट करणे होय. या भीतीत तथ्यांश आहे. पानिपताला ‘युद्धाचे दुष्परिणाम’ अशा कोणत्याही देशाला लागू पडणाऱ्या विषयात विरघळवून टाकणारा शिक्षक संहितेवर अन्याय करील. आमच्या पाठात नाव, वाक्प्रचार आणि रचनाबंध यांना अग्रस्थान दिले ते यासाठीच. त्यांचे सामान्यीकरण होऊ शकत नाही. शिवाय साधनांची चिकित्सा ही बाहेरून आलेली वस्तू नाही. राजवाडे यांनी १८९८ च्या त्या खंडाच्या विस्तृत प्रस्तावनेत बखरींची विश्वसनीयता मूळ पत्रांच्या कसोटीवर तपासली होती. जिनिव्हातील संस्थेच्या स्थापनेपूर्वी सत्तर वर्षे ही पद्धती मराठीत होती. ती आपल्या वर्गखोलीत पोहोचली नाही, ही गोष्ट मात्र मान्य करावी लागते.

दुसरा आक्षेप सामाजिक आहे. अशा शाळांचे शुल्क मोजक्यांनाच परवडते. त्यांच्या शिक्षकांची चिंता विद्यापीठांनी का वाहावी? उत्तर असे की, चांगला प्रश्न विचारण्याची कला कोणत्याही मंडळाच्या मालकीची नाही. वरील पाठाला तीन-चार उतारे, एक फळा आणि वाचलेला शिक्षक लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत तो तितकाच शक्य आहे. विद्यापीठाने मराठीतून अशी सामग्री सिद्ध केली तर ती सर्वांना खुली राहील. ती केली नाही, तर ही पद्धती ज्यांना इंग्रजीतून विकत घेता येते त्यांच्यापुरतीच उरेल.

तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे : विद्यार्थीच नाहीत, तर शिक्षक कशाला? दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या परिसरात मराठी कुटुंबे आहेत. त्यांची मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत दुसरी भाषा निवडतात, कारण मराठीचा साहित्य-शिक्षक शाळेपाशी नसतो. शिक्षक नाही म्हणून विद्यार्थी नाही, आणि विद्यार्थी नाही म्हणून शिक्षक नाही, असे हे चक्र आहे. ते विद्यार्थ्याच्या बाजूने फुटणार नाही. मॉरिशसचा दाखला हेच सांगतो.

६. समारोप

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कुसुमाग्रजांच्या नावाने मराठी भाषा, साहित्य आणि संस्कृती यांचे केंद्र २०२५ मध्ये सुरू झाले. या घटनांचा आनंद रास्त आहे. त्यांच्याबरोबर कर्तव्यही येते. अशा केंद्रांनी आणि राज्यातील मराठी विभागांनी तीन कामे हाती घ्यावीत. शालेय साहित्य-अध्यापनासाठी विविध कालखंडांतील मराठी संहितांचे, प्रश्नांसह, निवडक संच तयार करावेत. भारतीय भाषांतून मराठीत आलेल्या अनुवादांची शिक्षकोपयोगी सूची करावी. हालींसारख्या कवींचे जे अंश वर्गासाठी हवेत ते मुळातून अनुवादित करून घ्यावेत. आणि सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी, मंडळ कोणतेही असो, मराठीतून चालणारे अल्पमुदतीचे वर्ग भरवावेत.

आंतरराष्ट्रीय पाठ्यक्रमांचा शिक्षक हवा, अशी मागणी आज शाळा करीत आहेत. त्या मागणीत भारतीय भाषेचा शिक्षक गृहीत धरलेला नाही. तो गृहीत धरायला लावणे हे आपल्या हाती आहे. काला अंब येथील झाड आता नाही. त्याचे नाव टिकले, ते कोणी तरी पुढच्या पिढीला सांगत राहिले म्हणून. साहित्याचेही तसेच असते, आणि हे सांगण्याचे काम शाळेत शिक्षकावाचून होत नाही.